मैत्रिणी येणार म्हणून पोटात गोळा

प्रिय ताई,

मी मास्टर्स करायला परदेशात आले त्याला सात महिने झाले. "पहिले तीन महिने जड जातात, मग सरावतेस" असं निघताना सगळ्यांनी सांगितलं होतं. मी अजून सरावलेली नाही. वर्गात असते तोवर ठीक असते, पण संध्याकाळी खोलीचं दार लावलं की रडू येतं. घरी रोज फोन होतो. फोन ठेवला की जास्तच वाईट वाटतं, आणि नाही केला तर दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

आता शाळेपासूनच्या माझ्या तीन मैत्रिणी दहा दिवसांसाठी इकडे येतायत. तिघी नोकरीला लागल्या आहेत, पैसे साठवून तिकिटं काढली आणि मग मला सरप्राइज म्हणून सांगितलं. मी फोनवर आनंदाने किंचाळले, आणि फोन ठेवल्यावर पोटात गोळाच आला. माझी खोली लहान आहे. स्वयंपाकघर आणि बाथरूम आणखी तिघांबरोबर वापरते. नेमके त्याच आठवड्यात दोन प्रोजेक्ट द्यायचे आहेत. खर्चाचं म्हणाल तर मी पार्टटाइम काम करते, जास्तीच्या शिफ्ट घेऊन काहीतरी जमवेन. त्यांना वाटतंय मी इथे मजेत आहे. मी जे फोटो टाकते त्यातलं इथे रोज काहीच नसतं. पण खरी धास्ती पुढची आहे. त्या दहा दिवस राहून गेल्या की मी या खोलीत परत एकटी कशी बसणार? कधी वाटतं त्यांच्याबरोबरच परतीचं तिकीट काढावं. कधी वाटतं काहीतरी कारण सांगून "येऊ नका" म्हणावं. काय करू?

ता. क. तिघींतली एक पुढच्या वर्षी इकडे शिकायला यायचं म्हणतेय. सारखी विचारते, "यावं का?" तिला काय सांगू?

(नाव छापू नका.)

*

"येऊ नका" म्हणू नकोस. तिकिटं निघाली आहेत म्हणून सांगत नाही, त्या याव्यात असं तुला वाटतंय म्हणून सांगते. ज्याला कोणी यायला नको असतं तो फोनवर आनंदाने किंचाळत नाही.

खोली लहान, बाथरूम सगळ्यांचं मिळून एक, प्रोजेक्ट, खर्च, या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांचं काय करायचं ते पुढे लिहितेच. पण त्या एखाद्या रविवारी कागद-पेन घेऊन बसलं की सुटतील अशा आहेत. पोटात गोळा आणणारं वाक्य वेगळंच आहे, आणि ते तू मधेच घाईघाईत उरकून टाकलंयस: "मी जे फोटो टाकते त्यातलं इथे रोज काहीच नसतं." तुला जागेची भीती नाही, उघडं पडण्याची आहे.

आणखी एक गोष्ट पत्रात दिसली नाही म्हणून जाणवली. इथल्या एकाही माणसाचा त्यात उल्लेख नाही. ज्यांच्याबरोबर स्वयंपाकघर वापरतेस तेसुद्धा नुसते "आणखी तिघं". तिकडच्यांना तू तुझं इकडचं खरं कळू दिलेलं नाहीस, आणि इकडच्यांना तुझ्या तिकडच्या माणसांबद्दल काही सांगितलेलं दिसत नाही. सात महिने तू दोन्हीकडे अर्धी अर्धी राहते आहेस. घरची आठवण सगळ्यांनाच येते गं, पण ही लपवाछपवी तिच्यावर व्याज चढवत असते.

रोजच्या फोनचंच बघ. व्हिडिओ कॉलच्या वेळी बाहेर शिकणारी मुलं फोन कुठे टेकवतात हे इतक्या पत्रांतून वाचलंय की मला ते आता डोळ्यांसमोर दिसतं. खिडकीच्या कठड्यावर, जरासा वर तोंड करून, म्हणजे मागे पुस्तकांचा एक खण आणि थोडं आकाश येतं. पलंगावरचा चार दिवसांच्या कपड्यांचा ढीग येत नाही. आवाज एक पट्टी वर. "जेवलीस का?" "हो." "बरी आहेस ना?" "एकदम मस्त." वीस मिनिटं हे उसनं अवसान धरून ठेवल्यावर फोन ठेवताना गळून जायला होतं यात नवल काय? तू आईशी बोललेलीच नसतेस. आईला कार्यक्रम करून दाखवलेला असतो.

म्हणून पहिलं काम हे, की त्या विमानात बसायच्या आधी तिघींपैकी एकीला खरं सांग. ग्रुपवर नको. ग्रुपवर तिघी एकदम धीर द्यायला लागतील आणि तू पाचव्या मिनिटाला हसणारे चेहरे टाकून विषय बदलशील. एकीलाच, वेगळं. जी ऐकून घेते ती निवड. सल्ला द्यायची जिला घाई असते ती नको. (हे सल्ल्याचं सदर चालवणारी बाई लिहितेय याची मला कल्पना आहे.) काय लिहायचं ते सुचत नसेल तर साधारण असं लिही: "तुम्ही येताय याचा खूप आनंद झालाय. पण एक सांगायचं राहिलंय. इथे माझं फोटोत दिसतं तसं नाही. संध्याकाळी फार एकटं वाटतं, बऱ्याचदा रडते. तुम्ही आलात की मला तुम्हाला फिरवण्यापेक्षा तुमच्याबरोबर नुसतं बसायचंय." बस. शेवटी "पण काळजी करू नका" असं जोडू नकोस. काळजी करणं हे त्यांचं कामच आहे, ते त्यांना करू दे.

आता त्या "तीन महिन्यांत सरावतेस" बद्दल. ही मुदत कोणी ठरवली कोण जाणे. स्व्हेरे लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञांनी १९५५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकन सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियन लोकांशी बोलून त्यांना असं दिसलं की सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेले आणि दीड वर्षापेक्षा जास्त राहिलेले त्यातल्या त्यात बरे रुळले होते. सगळ्यांत अवघड गेलं ते सहा ते अठरा महिने राहिलेल्यांना. या हिशोबाने तुझा सातवा महिना अगदी नेमक्या जागी पडतो. पण थांब, तेवढ्यावर जाऊ नकोस. १९९८ साली कॉलीन वॉर्ड या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. आल्या आल्या, मग काही महिन्यांनी, मग वर्षाने, असं त्या मुलांना विचारत गेले, तर सगळ्यांत जास्त त्रास पोचल्या पोचल्याच निघाला. या दोन अभ्यासांचा एकमेकांशी मेळ बसत नाही, आणि मला तेच दिलासा देणारं वाटतं. याला वेळापत्रक नाही. सातव्या महिन्यात रडू आलं म्हणून तू मागे पडलीस असं होत नाही, कारण पुढे कोण गेलंय तेच ठरलेलं नाही.

घरी कोणीतरी तुला आनंदीबाई जोशींचं उदाहरण दिलेलं असणार. १८८३ साल, बोटीचा प्रवास, वय अठरा, पत्र पोचायलाच कित्येक आठवडे, आणि तुझ्या हातात तर फोन आहे! अशा तुलनेने कोणाची घरची ओढ कमी झालेली मी अजून पाहिलेली नाही. उलट आपल्याला रडायचाही हक्क नाही असं वाटायला लागतं. पण त्याच गोष्टीतला एक तपशील तुझ्या कामाचा आहे. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाईंना वैद्यकीची पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून आल्या होत्या. नात्यातल्या होत्या, आणि त्याही तेव्हा परमुलखातच होत्या. एवढ्या लांबून पाहुणी आली ती आनंदीबाईंच्या अभ्यासाच्या ठिकाणी आली, त्यांनी तीन वर्षं जे केलं ते बघायला आली.

तुझ्या मैत्रिणींनाही तिथेच ने. प्रेक्षणीय स्थळं त्यांची त्यांना सापडतील, त्यासाठी नकाशे आहेत. तुझी लायब्ररीतली ठरलेली खुर्ची कोणती, बस चुकली की तू कुठे थांबतेस, आठवड्याचे कपडे कुठे धुतेस, हे त्यांना तुझ्याशिवाय कोण दाखवणार? कपड्यांचं तर मी मुद्दाम सुचवते. तळघरातल्या त्या धुलाईच्या खोलीत मशीनसमोर पाऊण तास बसायचं, दुसरं काही करण्यासारखं नसतं, आवाजामुळे जरा जवळ सरकून बोलावं लागतं, मग चादरीची दोन टोकं एकीने धरायची, दोन तू. एखाद्या किल्ल्यावर सेल्फी काढताना जे बोलणं होणार नाही ते तिथे होईल.

बरं, आता अडचणी.

खोलीचा करारनामा आजच काढून वाच. विद्यार्थ्यांच्या बहुतेक इमारतींत रात्री राहणाऱ्या पाहुण्यांचे नियम असतात: एका वेळी किती जण, सलग किती रात्री, आधी नाव नोंदवायचं की नाही. आग लागली तर आत किती माणसं आहेत हे कळावं, हाही त्यामागचा हेतू असतो, तेव्हा ते सगळं नुसतं खडूसपणा म्हणून सोडून देऊ नकोस. चोरून ठेवलंस आणि कळलं, तर त्या दहा दिवसांनी निघून जातील, लेखी ताकीद मात्र तुझ्या नावावर राहील. आणि खरं सांगू? नियमात बसलं तरी चौघींनी दहा दिवस त्या एका खोलीत राहावं असं मला वाटत नाही. चौथ्या दिवशी टॉवेल कुठे वाळत घालायचा यावरून धुसफूस सुरू होते, आणि शाळेपासूनची मैत्री टॉवेलवरून बिघडलेली मी ऐकलेली आहे. एकीने तुझ्याकडे राहावं, दोघींनी जवळच्या हॉस्टेलमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत, आणि दर तीन दिवसांनी पाळी बदलावी. सोय म्हणून तर हे बरं आहेच, पण यात प्रत्येकीच्या वाट्याला रात्री तू एकटी येतेस. चौघींत जे कधीच बोललं जात नाही ते दोघींत बोललं जातं.

घरातल्या त्या तिघांना आधी विचार. "माझ्या मैत्रिणी येणार आहेत" हे कळवणं झालं. "आल्या तर चालेल का, तुम्हाला कोणत्या वेळी अडचण होईल?" हे विचारणं झालं. सकाळी त्यांची बाथरूमची वेळ सोडून द्या, रात्री स्वयंपाकघरात हसणं-खिदळणं किती वाजेपर्यंत चालेल ते ठरवून घ्या. एवढं केलंस तर माणसं बहुतेक हो म्हणतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. व्हिसासाठी त्यांना तुझं साधं आमंत्रणपत्र लागलं तर खुशाल दे. पण काही देशांत पाहुण्याच्या सगळ्या खर्चाची कायदेशीर हमी यजमानाकडून लिहून घेण्याची पद्धत आहे. तशा कागदावर तू सही करू नकोस, तुझी अजून ती ऐपत नाही आणि मैत्रीत ते मागायचंही नसतं. प्रवासी विमा ज्याने-त्याने आपापला काढायचा, वैद्यकीय खर्चासकट.

आणि जास्तीच्या शिफ्ट अजिबात नाहीत. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला किती तास काम करता येतं याला बऱ्याच देशांत मर्यादा असते. ती ओलांडणं म्हणजे नुसता दंड भरून सुटण्यातली गोष्ट नसते, तुझ्या तिथे राहण्यावरच गदा येऊ शकते. शिवाय मला हे कळत नाही की खर्च तू का करायचास. त्या तिघी कमावत्या आहेत, तू विद्यार्थिनी आहेस. भीड वाटत असेल तर त्या निघायच्या आधीच लिहून टाक: "राहणं माझ्याकडे किंवा जवळपास, बाकीचा खर्च चौघींत, आणि लांबच्या सहलीला मी येईनच असं नाही." विमानतळावर भेटल्यावर हे बोलता येत नाही. मग हॉटेलात बिल आलं की प्रत्येक वेळी तू मनात बेरीज करत बसणार आणि वरून हसणार, म्हणजे पुन्हा तोच कार्यक्रम.

प्रोजेक्टचं गणित मात्र तुला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. त्या पूर्वेकडून पश्चिमेकडे येत असतील तर पहिले दोन-तीन दिवस त्यांना संध्याकाळीच पेंग येणार आणि पहाटे टक्क जाग येणार. संध्याकाळी त्या आडव्या झाल्या की ते तास तुझे, लायब्ररीत जा आणि पहिला प्रोजेक्ट संपव. (उलट दिशेने येणार असतील तर रात्री उशिरापर्यंत जाग्या आणि सकाळी ढाराढूर. मग सकाळ तुझी.) मधले तीन-चार दिवस त्यांना दुसऱ्या शहरात पाठव, त्यात दुसरा. वर्ग बुडवू नकोस. हजेरीचा प्रश्न आहेच, पण दिवसातले तेवढेच तास तू ठीक असतेस असं तूच लिहिलंयस, मग तेच का सोडायचे?

आता एक गोष्ट, जी तू लिहिलेली नाहीस, पण होणार आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या तिघी कशावरून तरी पोट धरून हसतील आणि तुला तो विनोद कळणार नाही. गेल्या सात महिन्यांतला असेल. एकजण म्हणेल, "अगं, तुला माहीत नाही, सांगते थांब," आणि सांगितल्यावर तो विनोद राहणार नाही. घरापासून लांब असल्याचं जे दुःख रोज संध्याकाळी एकट्याने होतं, ते तिथे त्या तिघींच्या मधोमध बसून होईल आणि जास्त लागेल. तेव्हा गप्प होऊन भांडी घासायला उठू नकोस. "माझं सात महिन्यांचं बाकी आहे, सगळं सांगा" असं म्हण आणि बसवून घे त्यांना. आणि तुझेही सात महिने सांग, तेही त्यांना माहीत नाहीत.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट राहिली तर त्यांच्या येण्याचा अर्धा उपयोग वाया जाईल. दहापैकी एक संध्याकाळ अशी ठेव की त्या तिघी आणि इथले दोन-तीन जण एकत्र भेटतील. घरातले ते तिघं, किंवा वर्गात जिच्या शेजारी बसतेस ती. फार काही करायला नको. सुरुवातीला अवघडल्यासारखं होईल. मैत्रिणी मराठीत घसरतील, तुला मधे पडून दोन्हीकडचं सांगावं लागेल. दहा-पंधरा मिनिटं ते कर आणि मग काहीतरी आणायचं निमित्त करून बाहेर जा. तुझ्यामागे ते तुझ्याबद्दलच बोलतील, कारण त्यांच्यात सामायिक असा दुसरा विषयच नाही. तुझी शाळेतली एखादी फजिती तुझ्या वर्गमैत्रिणीला कळेल. तुझ्या मैत्रिणींना कळेल की प्रेझेंटेशनच्या दिवशी तू बोलताना सगळा वर्ग शांत होता. तू हे दोघांनाही स्वतः कधी सांगितलं नसतंस.

हे मी इतकं लावून का धरते? त्या गेल्यानंतरच्या दिवसांसाठी. आत्ता तुझी अवस्था अशी आहे की ज्यांची आठवण येते त्यांना इथे कोणी पाहिलेलंच नाही. नुसती नावं सांगितली तर समोरचा "हो का" म्हणणार, त्यापुढे काय म्हणणार? पण एकदा भेट झालेली असली की बुधवारी वर्गात शेजारची मुलगी सहज विचारते, "तुझ्या मैत्रिणी नीट पोचल्या का? ती उंच मोठ्याने हसणारी, तिचं काय नाव?" आठवण काढायला सोबत मिळते, आणि ती सोबत इथली असते.

निरोपाचा दिवस आधीच ठरवून ठेव. विमान रात्रीचं असेल तर विमानतळापर्यंत जाऊन मध्यरात्री एकटीने परत येऊ नकोस, स्टेशनवरूनच निरोप घे. शक्य असेल तर त्या सकाळी निघतील आणि तुला दुपारी वर्ग किंवा काम असेल असं बघ. खोलीत काय काय मागे राहतं ते तुला सांगते, म्हणजे अचानक अंगावर येणार नाही: बेसिनपाशी कोणाचं तरी रबरबँड, उशीला दुसऱ्याच तेलाचा वास, चार्जर. चादरी त्याच दिवशी मशीनमध्ये टाक. चार्जर टपालाने परत पाठवायचं काम दुसऱ्या दिवसासाठी ठेव, बाहेर पडायला कारण होईल. रडू येईल, ते येऊ दे. त्या संध्याकाळी घरातल्या तिघांपैकी कोणीतरी स्वयंपाकघरात असेल अशा वेळी तू तिथे जाऊन बस. बोललंच पाहिजे असं नाही.

आणि त्यांच्याबरोबर परतीचं तिकीट? तू पहिली नव्हेस. १६८८ साली योहानेस होफर या एकोणीस वर्षांच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरात आपला प्रबंध सादर केला. घरच्या ओढीला वैद्यकशास्त्रात आजार म्हणून जागा देणारा तो पहिला. त्याने नोंदवलेला एक रुग्ण विद्यार्थीच होता, बर्नहून बाझेलला शिकायला आलेला. म्हणजे घर शंभर किलोमीटरच्या आसपास! पण तो मुलगा ताप आणि धडधडीने इतका खंगला की वाचत नाही असं सगळ्यांनी धरलं. शेवटी त्याला घरी पाठवायचं ठरलं. निघायची तयारी सुरू होताच त्याला हुशारी वाटू लागली, आणि बर्नला पोचायच्या आधीच तो बरा झाला. यावरून अंतराने काही ठरत नाही हे कळतं. पण मला त्यातली तयारी महत्त्वाची वाटते. घरी जायचा दिवस नक्की झाल्यावरच त्याच्या जिवात जीव आला. म्हणून तूही तिकीट काढ, पण या खेपेला त्यांच्याबरोबर नको, सत्र संपल्यावरचं काढ, तारीख नक्की कर आणि ती भिंतीवर लिही. आत्ता त्यांच्याबरोबर गेलीस तर दोन प्रोजेक्ट अर्धवट टाकून, रडत गेलीस असं होईल, आणि परत यायचा निर्णय तिथे बसून घ्यावा लागेल. तो फार अवघड असतो.

शिक्षण सोडून परत जाणं हा गुन्हा नाही, हेही सांगून ठेवते. कोणाला ते करावं लागतं आणि ते बरोबरही असतं. फक्त तो निर्णय रात्री अकरा वाजता, किंवा कोणी निरोप घेऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात घेऊ नये. दिवसा घ्यावा, आणि विद्यापीठात कोणाशी तरी बोलून. सत्र पुढे ढकलण्याची सोय असते का, फी आणि व्हिसा यांचं काय होतं, हे विचारायला लाजू नकोस. ते सांगण्यासाठीच तिथे माणसं नेमलेली असतात.

एका बाबतीत मात्र मैत्रिणी येईपर्यंत थांबायचं नाही. घरची ओढ आणि नैराश्य वरवर सारखी दिसतात. ओढ असेल तर मन कशात तरी रमतं, तुझं वर्गात रमतं तसं, आणि घरचा विचार गोड वाटतो. पण सलग दोन आठवडे, दिवसातला बहुतेक वेळ उदास वाटत असेल, कशातच गोडी राहिली नसेल, झोप-भूक बिघडली असेल, मैत्रिणी येणार याचाही आनंद वाटेनासा झाला असेल, तर तो मामला वेगळा आहे. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात वेळ घे. बहुतेक ठिकाणी ही सेवा विद्यार्थ्यांना मोफत असते आणि तिथलं बोलणं तुझ्या प्राध्यापकांपर्यंत जात नाही. जगणंच नको असं कधी मनात आलं तर त्याच क्षणी कोणाला तरी सांग, घरातल्या तिघांपैकी कोणीही चालेल, आणि तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन कर. तुझ्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. तरीही हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

घरचा रोजचा फोन बंद करू नकोस, थोडा बदल. वेळ लहान कर आणि आठवड्यातून एकदा तरी फोन पलंगाकडे तोंड करून ठेव, ढिगासकट. आई दोन शब्द बोलेल कपड्यांवरून. बोलू दे.

तुझ्या ता. क. मधली मैत्रीण. तिला पाळीने तुझ्याकडे राहायला येईल तेव्हा एक पूर्ण दिवस तुझ्यासारखा काढू दे, सकाळच्या बसपासून रात्रीच्या अभ्यासापर्यंत. प्राध्यापकांची परवानगी मिळाली तर एखाद्या तासाला मागे बसू दे. तुझ्या विभागातल्या, वर्ष-दोन वर्षं पुढे असलेल्या कोणाशी तरी तिची गाठ घालून दे, आणि तेव्हा तू तिथे थांबू नकोस. तिचा विषय वेगळा, कर्ज वेगळं, घरची परिस्थिती वेगळी, तेव्हा "ये" किंवा "येऊ नकोस" हे तुझ्याकडून ऐकून तिचं काही ठरणार नाही. तुझे सात महिने कसे गेले तेवढं तिला खरं सांग. फक्त सांगायच्या आधी स्वतःला एक विचारून घे: ती इथे आली तर आपला एकटेपणा मिटेल, या हिशोबाने तर तू तिला "ये" म्हणणार नाहीस ना? तसं असेल तर तेही तिला सांगून टाक.